शेवटचे साडेतीन किलोमीटर: पुण्याची मेट्रो पेठांखालून कशी गेली

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार. दुपारी चारचा सुमार. बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करायचा ट्रक आला होता. त्याच्याखालचे पेव्हर ब्लॉक खचले आणि बघता बघता आख्खा ट्रक जमिनीच्या पोटात गेला. चालक बचावला, हे नशीब. अर्ध्या तासात तो व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला आणि खाली पहिलंच वाक्य पडलं, "मेट्रोनं पेठा पोखरल्या. आता एकेक वाडा जाणार."

संशय हवेतला नव्हता. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा पेठांच्या खालूनच गेलेला आणि त्याचं उद्घाटन जेमतेम सहा दिवसांवर होतं. मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीनं लगेच सांगितलं की बोगद्याला काही झालेलं नाही. पुढे कळलं, त्या जागी जुनी विहीर होती. केव्हातरी कुणीतरी ती झाकली, वर फरसबंदी झाली, आणि पोस्टात मनिऑर्डर करायला येणाऱ्या दोन-तीन पिढ्या तिच्यावरून चालत गेल्या. विसरलेल्या विहिरीनं ट्रक गिळला आणि नाव मेट्रोवर आलं.

मी नारायण पेठेत राहतो आणि नोकरीला पिंपरीला जातो. त्यामुळे हे प्रकरण मला लांबून बघता आलेलं नाही. पुण्याच्या मेट्रोचा इतिहास बहुतेक वेळा उद्घाटनांच्या तारखांनी सांगितला जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. सुमारे ३३ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यात सगळ्यात अवघड, सगळ्यात महाग आणि सगळ्यात शेवटी आलेले हे साडेतीन किलोमीटर आहेत, आणि बाकीचे तीस त्यांची वाट बघत उभे होते.

आधी टोकं, मग मध्य

पुण्यात मेट्रो हवी का, ही चर्चा फार जुनी. दिल्ली मेट्रोनं पुण्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल केला तो २००९ च्या सुमारास. त्याआधी २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी आली होती. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका, देशातला पहिलाच प्रयोग. तिचं पुढे काय झालं हे सातारा रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

अहवालानंतर सात वर्षं गेली ती मुख्यतः वर की खाली या भांडणात. पिंपरी–स्वारगेट मार्गाचा शिवाजीनगरपासून पुढचा भाग भुयारीच असणार, याबद्दल फारसा वाद नव्हता. कसब्यातल्या गल्ल्यांवर खांब उभे करायला जागाच कुठे आहे? वाद पेटला तो दुसऱ्या, वनाझ–रामवाडी मार्गावर. जंगली महाराज रस्त्यावरून खांबांवरची मेट्रो नको म्हणून मार्ग हलवला, तो नदीकडे सरकला, मग मुठेच्या पात्रातल्या कामावरून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. दरम्यान ७ डिसेंबर २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि २४ डिसेंबरला भूमिपूजन झालं. खर्चाचा अंदाज ११,४२० कोटी रुपये. केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेल्या महामेट्रोकडे काम आलं.

काम सुरू झालं ते साहजिकच जिथे सोपं तिथे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याच्या दुभाजकात आणि कर्वे रस्त्यावर खांब भराभर वर आले. ६ मार्च २०२२ ला पहिल्या गाड्या धावल्या: पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी सात किलोमीटर आणि वनाझ ते गरवारे कॉलेज पाच किलोमीटर. दोन तुकडे, एकमेकांपासून तुटलेले. फुगेवाडीला उतरून माणसानं करायचं काय? तिथून पुण्यात यायला पुन्हा बसच. पहिल्या दिवसांत तोबा गर्दी झाली, ती नातवंडांना मेट्रो दाखवायला आलेल्या आजी-आजोबांची. आमच्या गल्लीतल्या काकूंनी एक भिशी मेट्रोत केली. वनाझला चढल्या, गरवारेला उतरल्या नाहीत, त्याच गाडीनं परत वनाझ, तोवर वाटली डाळ संपली. हसण्यावारी नेलं आम्ही, पण त्या प्रवासाचं खरं वर्णन तेच होतं. जायचं कुठेच नव्हतं.

१ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला येऊन मिळाले. फुगेवाडीकडून गाडी दापोडी, बोपोडीवरून शिवाजीनगरला जमिनीखाली शिरली, आणि वनाझची गाडी डेक्कन, संभाजी उद्यान, महापालिका भवन करत रूबी हॉलपर्यंत गेली. मग प्रवासी वाढायला लागले. त्याच महिन्यात १५ ऑगस्टला एका दिवसात १ लाख ६९ हजारांवर लोकांनी प्रवास केला. अर्थात तो सुट्टीचा दिवस होता आणि त्यातलेही पुष्कळ भिशीवालेच असणार. ६ मार्च २०२४ ला रामवाडी जोडली गेली. राहिलं काय, तर शहराचा मध्य. ज्या मंडईत, तुळशीबागेत, लक्ष्मी रस्त्यावर, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर अर्धं पुणे रोज उतरतं, तिथे अजून मेट्रो नव्हती.

मी त्या वर्षभर स्कूटर सिव्हिल कोर्टपाशी लावायचो आणि पुढे मेट्रोनं पिंपरीला जायचो. घरून सिव्हिल कोर्टला जायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मेट्रो खडकी ओलांडून गेलेली असायची.

खाली काय काय आहे

पुण्याची जमीन म्हणजे काळा पाषाण. दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. कुठे घट्ट, अखंड बेसाल्ट, कुठे भोकाभोकांचा, कुठे मध्येच लाल मातीसारखा मऊ पट्टा. बोगदा खणायला हा खडक वाईट नाही, कारण तो स्वतःचं वजन पेलतो. मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या भरावापेक्षा पुष्कळ बरा. पण तो यंत्राची पाती खातो आणि एका थरातून दुसऱ्यात शिरताना चाल बदलावी लागते.

यंत्रं तीन, आणि त्यांना नावं नद्यांची: मुळा, मुठा, पवना. पुण्यात हे व्हायचंच. दोन शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातून खाली सोडली, तिसरं स्वारगेटकडून निघालं. सगळी बुधवार पेठेच्या दिशेनं. बोगद्याचं यंत्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पुढे साधारण साडेसहा मीटर व्यासाची फिरती थाळी, तिच्यावर कठीण पोलादाच्या चकत्या. थाळी खडकावर दाबून फिरवायची, कपच्या उडतात, त्या मागे पट्ट्यावरून बाहेर. यंत्र थोडं पुढे सरकलं की त्याच्या पोलादी कवचाच्या आडोशाला, मागेच, काँक्रीटच्या तयार तुकड्यांची गोल कडी बसवायची. कडी आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटच्या पातळ मिश्रणानं दाबून भरायची. मग त्याच कडीला टेकून यंत्र स्वतःला पुढे ढकलतं. विटांची विहीर आडवी बांधत जावं तसं काहीसं. फट नीट भरली नाही तर वरची जमीन बसते, आणि वर जर मातीच्या भिंतींचा वाडा असेल तर तो ते लगेच सांगतो.

म्हणूनच पेठांमध्ये खरं काम खणण्याआधी सुरू झालं. मार्गावरच्या इमारतींची तपासणी, आधीपासूनच्या भेगांचे फोटो, भिंतींवर मोजणीच्या खुणा. मंडईजवळच्या एका मित्राच्या वाड्यात जिन्याखालच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून गेले होते. पट्टी तडकली तर भेग वाढतेय. मित्राची आई, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी दिवा लावायच्या आधी बॅटरी घेऊन ती पट्टी बघायची. एकदा मी विचारलं, "काय म्हणतेय मेट्रो?" तर म्हणाल्या, "मेट्रोचं माहीत नाही रे, पण ही भेग पानशेतच्या पुरापासूनची आहे. ती माझ्या आधी जायची नाही." पट्टी शेवटपर्यंत शाबूत राहिली.

पानशेतचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं. नदीकाठच्या पेठांतल्या जुन्या माणसांना नदीच्या खालून बोगदा ही कल्पनाच पचत नव्हती, ती यामुळे. सिव्हिल कोर्ट आणि कसबा यांच्यामध्ये मुठा आहे, आणि बोगदा तिच्या पात्राखालच्या खडकातून जातो. गाडीत बसल्यावर कळतही नाही. मी पहिल्या दिवशी खिडकीला डोळे लावून बसलो होतो, काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

खडकापेक्षा जास्त धास्ती होती ती माणसांनी आधी केलेल्या कामांची. जुन्या पुण्याखाली कोरी जमीन फार थोडी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून दगडी नळानं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, आणि वाटेत पेठापेठांत हौद बांधले. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला स्थानकासाठी खोदताना एक जुना बोगदाच सापडला. क्षणभर सगळ्यांना पेशव्यांचं गुप्त भुयार दिसायला लागलं. जाणकारांनी तो पाणी वाहून नेणारा जुना मार्ग असल्याचं सांगितलं तेव्हा थोडी निराशा झाली, पण माझ्या मते ते भुयारापेक्षा मोलाचं होतं. कसब्याचं स्थानक जिथे आहे त्या चौकाचं नावसुद्धा फडके हौद. म्हणजे ज्या जागी एके काळी खालून आलेलं पाणी लोक भरत होते, तिथेच आता खालून आलेली माणसं वर येतात. सिटी पोस्टातली विहीर याच गोतावळ्यातली.

४ जून २०२२ ला शेवटचं यंत्र बुधवार पेठेत आरपार निघालं. येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे सहा-सहा किलोमीटर, मिळून बारा किलोमीटरचे बोगदे पूर्ण. वाटलं, आता झालंच. पण बोगदा म्हणजे मेट्रो नव्हे. स्थानकं वरून खड्डा घेऊन बांधावी लागतात आणि कसब्यात तेवढा खड्डा घ्यायला घरं, दुकानं हटवावी लागली. माणसांना दुसरीकडे जागा देणं, त्यांचं मन वळवणं, माल आणायला ट्रक फक्त रात्री, राडारोडा काढायला तीच एक गल्ली. खडक कापायला लागला त्याहून जास्त वेळ या कामांना लागला असेल तर मला नवल वाटणार नाही. गाडीची चाचणी झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये.

वरून गेली तिथे काय झालं

एवढा खटाटोप करून खाली जाण्यापेक्षा वरून का नाही नेली, असं विचारणाऱ्याला मी लकडी पुलावर नेऊन उभा करतो. कागदोपत्री तो संभाजी पूल. पानिपतानंतर लाकडाचा बांधला म्हणून लकडी, दगडाचा झाला तरी नाव सुटलं नाही.

वनाझ–रामवाडी मार्ग या पुलाच्या वरून आडवा जातो. विसर्जन मिरवणुकीतले रथ परतताना याच पुलावरून डेक्कनकडे येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये पुलावर मेट्रोचा भाग बसवायची वेळ आली तेव्हा मंडळांच्या लक्षात आलं की उंच देखावे याखालून जाणार नाहीत. काम थांबलं. महापालिकेच्या सभागृहात गदारोळ झाला. शंभर वर्षांहून जुनी परंपरा विरुद्ध शहराची गरज, अशी भाषणं झाली. शेवटी काम झालं, आणि मंडळांनी देखावे बसते-उठते केले. आता रथ पुलापाशी आला की कळस खाली घेतात, पलीकडे गेला की पुन्हा वर.

या वादात मंडळांना हटवादी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. रथाची उंची नकाशा काढताना मोजायची असते. दरवर्षी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्यानं जाणारी मिरवणूक ही काही आयत्या वेळी उपटलेली अडचण नव्हे. पूल जसा मोजला तशी तीही मोजायला हवी होती. तोच मार्ग लक्ष्मी रस्त्यावरून गेला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा.

हिशोब

खाली जाण्याची किंमत मात्र मोठी आहे. सिव्हिल कोर्ट–स्वारगेट टप्प्याला सुमारे १,८१० कोटी रुपये लागले, म्हणजे किलोमीटरला अंदाजे ५०० कोटी. पिंपरीपासून निगडीपर्यंत खांबांवरून जाणाऱ्या ४.४ किलोमीटरच्या विस्ताराला मंजूर रक्कम आहे ९१० कोटी, म्हणजे किलोमीटरला २०० कोटींच्या आसपास. अडीचपट. वर भुयारी स्थानकाचा रोजचा खर्च निराळा. हवा खेळती ठेवणारे पंखे, पाणी उपसणारे पंप, चोवीस तास दिवे. खांबांवरच्या स्थानकात वारा फुकट येतो.

सिव्हिल कोर्टच्या भुयारी स्थानकात थोडा उजेड फुकट मिळवलाय. ते ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्थानकांपैकी एक. दहा मजली इमारत उलटी पुरल्यासारखं. पण छत असं केलंय की ऊन थेट फलाटापर्यंत उतरतं. सकाळी अकराच्या सुमारास तिथे उभं राहिलं की फलाटावर उन्हाचा तिरपा पट्टा पडलेला असतो आणि हमखास कोणीतरी त्यात उभं राहून फोटो काढत असतं. दोन्ही मार्ग इथेच बदलायचे, एक जमिनीखाली, एक आकाशात. मी घड्याळ लावून बघितलं: खालच्या फलाटापासून वरच्या फलाटापर्यंत, सरकत्या जिन्यांवर उभं राहून, न धावता, जवळजवळ सहा मिनिटं. गर्दीच्या वेळी गाड्याही सहा-सात मिनिटांनी येतात. म्हणजे मार्ग बदलताना एक गाडी जिन्यातच चुकते, असं धरून चालावं.

मंडईत उतरल्यावर

उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी पुण्यात असा पाऊस झाला की सभेच्या मैदानात तळं साचलं आणि पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला. तयार मार्ग, तयार गाड्या आणि फीत कापायला माणूस नाही म्हणून स्थानक बंद. आंदोलनंही झाली. अखेर २९ तारखेला, रविवारी, दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन उरकलं आणि दुपारनंतर लोक मंडईच्या जिन्यावरून खाली उतरायला लागले.

तोवर स्थानकांच्या नावांचं एक नाट्य होऊन गेलं होतं. बुधवार पेठ स्थानकाचं कसबा पेठ झालं, तिकडे भोसरी नावाच्या स्थानकाचं नाशिक फाटा. भोसरी गाव तिथून चांगलंच लांब आहे, त्यामुळे दुसरा बदल मनापासून पटला. पहिल्याबद्दल बुधवार पेठेतले माझे मित्र अजून कुरकुर करतात.

महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ सालची. तेव्हा ती रे मार्केट. एवढा पैसा इमारतीवर घालवू नका, म्हणून नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत खुद्द जोतीराव फुले होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. मेट्रोच्या खर्चावर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दोन्ही बाजूंनी.

मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींना मी महिन्याभरानं विचारलं, धंद्यात काही फरक? त्यांनी मेथीची जुडी झटकत सांगितलं, "गिऱ्हाईक वाढलंय, पण हलकं झालंय. आधी गाडीवर येणारा पाच किलो बटाटा न्यायचा. आता पिंपरीहून येतात, पाव किलो मटार, एक जुडी, अन् 'मावशी, जिना चढायचाय.'" कुठल्याही अहवालात न सापडणारी ही गोष्ट आहे. मेट्रोनं येणारा माणूस हातात मावेल तेवढंच घेतो. तुळशीबागेला ते पथ्यावर पडलं, कारण कानातली आणि पळ्या-डाव वजनाला हलके. बटाटेवाल्यांचं काय, हा प्रश्न आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर स्कूटर आता आठवड्यातून एकदाच निघते. घरून कसब्याच्या स्थानकापर्यंत चालत जातो आणि तिथून थेट पिंपरी. भाडं सगळीकडे दहा ते पस्तीस रुपयांच्या आत, विद्यार्थ्यांना तीस टक्के सवलत, शनिवार-रविवार सगळ्यांनाच तीस टक्के. पेट्रोलशी तुलना करायची गरज पडत नाही. पण स्थानकाच्या दारापर्यंतची वाट ही वेगळीच कथा आहे. फडके हौदापाशी पदपथ असा म्हणावा तो हातगाड्या, दुचाक्या आणि वीजपेट्या यांच्यामधून उरलेला वीतभर. बाहेर पडल्यावर पहिलं पाऊल रस्त्यावर आणि दुसरं बसच्या आडवं. रिक्षा मिळतात, मीटर मिळतंच असं नाही. एका पावसाळी संध्याकाळी दीड किलोमीटरला मला जेवढे पैसे मागितले, तेवढ्यात मी पिंपरीला जाऊन परत आलो असतो आणि वर चहा झाला असता.

विसर्जनाची रात्र

या टप्प्यानं काय बदललं हे मोजायला दोन तारखा पुरेत. १७ सप्टेंबर २०२४ ची अनंत चतुर्दशी: मेट्रो सिव्हिल कोर्टपर्यंतच, प्रवासी सुमारे ३ लाख ४६ हजार. ६ सप्टेंबर २०२५ ची अनंत चतुर्दशी: मंडई आणि स्वारगेट सुरू, प्रवासी सुमारे ५ लाख ९० हजार. ही सगळी वाढ तीन स्थानकांची म्हणता येणार नाही. वर्षभरात मेट्रोची सवयही वाढली, आणि २०२५ ला सेवा सकाळी सहाला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत, सलग ४१ तास चालली. तरीही, गणपती बघायला जाणाऱ्याला सिव्हिल कोर्टला सोडणं आणि मंडईच्या दारात सोडणं यात केवढा फरक आहे, तो या आकड्यांत दिसतो.

तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीनं साधारण ९७० माणसं मावतात. सहा मिनिटांनी एक गाडी धरली तर तासाला दहा, म्हणजे एका दिशेला सुमारे नऊ हजार सातशे. मंडईच्या चौकात रात्री दहाला किती माणसं असतात हे ज्यानं पाहिलंय त्याला या गणितातला धोका लगेच कळेल. प्रश्न गाडीचा नसतो, जिन्याचा असतो. खाली उतरणारे आणि वर येणारे एकाच दारात भेटले की संपलं. म्हणून उत्सवात साधी युक्ती केली: पिंपरीकडून येणाऱ्यांनी कसब्याला उतरा, देखावे बघत चालत या, आणि परत जाताना मंडईतून चढा. मानाचा पहिला कसबा गणपती तिथेच, मग हळूहळू इकडे. गर्दीचा ओघ एका दिशेला वळवला की निम्मं काम होतं. ज्यानं हे सुचवलं त्यानं आयुष्यात एकदा तरी मंडळात दोरी धरली असणार.

मी त्या रात्री साडेबाराला मंडईच्या दाराशी होतो. दोरी होतीच. सुरक्षारक्षक पन्नास-साठ जणांना सोडायचे, दोरी आडवी, मग थांबायचं, खालून शिट्टी आली की पुढचे. माझ्या पुढे एक बाई, कडेवर झोपलेलं पोर, पोराच्या हातात फुगा. दोरीपाशी फुगा फुटला. सगळा जिना क्षणभर गप्प, मग एकदम हशा. पोर उठलं नाही.

स्वारगेटच्या पुढे

पुढचा टप्पा स्वारगेट ते कात्रज, ५.४६ किलोमीटर, सगळा भुयारी. केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, खर्च २,९५४ कोटींवर. मूळ आराखड्यात स्थानकं तीनच होती: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. साडेपाच किलोमीटरला तीन, तर सिव्हिल कोर्टपासून स्वारगेटपर्यंत साडेतीन किलोमीटरला तीन. ज्यांनी आराखडा केला त्यांनी धनकवडीच्या चढावरून ऑफिसच्या वेळी चालून बघितलं नसावं. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायला मान्यता दिली. खर्च अर्थातच वाढला. भुयारी स्थानक नंतर सुचलं की ते पुस्तकात पान चिकटवण्याइतकं सोपं नसतं. इथे निदान खणायच्या आधी सुचलं.

सातारा रस्त्याखालचा खडक पेठांखालच्या खडकासारखाच आहे, आणि कात्रजच्या तळ्यापासून निघालेला पेशवेकालीन पाण्याचा मार्गही याच बाजूनं शहरात येतो. तो नेमका कुठून जातो, त्याची मोजणी आणि रस्त्याकडेच्या जुन्या विहिरींची यादी यंत्र खाली उतरायच्या आधी झालेली बरी. सिटी पोस्टाच्या आवारात आता नवी फरसबंदी दिसते. मी तिथून जाताना कडेकडेनं जातो.